नकाशावरची बारीक अक्षरे

दिवाळीच्या सुट्टीच्या आधीची गोष्ट. माझी लेक नववीत आहे. एके दिवशी ती शाळेतून आली, दप्तर कोपऱ्यात ठेवले आणि हातपाय न धुताच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "अम्मी, इथलं आपलं काय आहे?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग हळूहळू सगळे बाहेर आले. वर्गात सुट्टीतल्या सहलींचा विषय निघाला होता. कोणी किल्ल्याचे नाव घेतले, कोणी देवस्थानाचे. आमच्या लेकीने काही सांगायला तोंड उघडले तेवढ्यात एक मैत्रीण सहज बोलून गेली, "तुमचं काय, तुमचं तर सगळं दिल्ली-आग्र्याला." बोलणारी मुलगी वाईट नाही. दोघी एकाच बाकावर बसतात, एकमेकींचा डबा खातात. म्हणूनच ते वाक्य लेकीच्या जास्त मनाला लागले होते.

मी वीस वर्षे शाळेत शिकवते, उर्दू आणि मराठी दोन्ही. उत्तर माझ्या जिभेवर असायला हवे होते. मी म्हटले, "असं कसं? औरंगाबादचा बीबी का मकबरा आहे, दौलताबाद आहे..." ती म्हणाली, "ते तर सगळ्यांनाच माहीत आहे. दुसरं सांग ना." आणि मला दुसरे एकही नाव पटकन सुचले नाही. रात्री झोपताना त्याचीच टोचणी लागून राहिली. ज्या मातीत आपल्या सात पिढ्या गेल्या, तिथल्या शंभर-दीडशे किलोमीटरमधले आपण मुलांना काय दाखवले? लग्नाचे हॉल, नातेवाइकांची घरे आणि महामार्गावरचे ढाबे!

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी भूगोलाच्या सरांजवळ विषय काढला. ते म्हणाले, "मॅडम, मोबाइलला विचाराल तर तो तुम्हाला तेच दाखवील जे सगळे विचारतात. कागदाचा नकाशा घ्या. त्यावरची बारीक अक्षरं वाचा." त्यांच्या या एका वाक्यामुळे आमची चार दिवसांची सफर ठरली.

कपाटातून निघालेला आणि झेरॉक्सवरून आणलेला

आमच्याकडे दोन प्रकारचे नकाशे जमले. एक महाराष्ट्राच्या रस्त्यांचा घडीचा नकाशा. कधीतरी एसटी स्टँडवरच्या पुस्तकाच्या दुकानातून घेतलेला आणि तेव्हापासून कपाटात पडलेला. दुसरा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, म्हणजे सर्वे ऑफ इंडियाचा. हा विभाग १७६७ पासून देशाची मोजणी करतो आहे. त्यांचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आता इंटरनेटवरून उतरवून घेता येतात. सरांनी आमच्या वाटेवरची पाने काढून दिली आणि ती आम्ही झेरॉक्सच्या दुकानात मोठ्या कागदावर रंगीत छापून घेतली.

या प्रमाणात दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. एवढ्या मोठ्या प्रमाणामुळे गावाबाहेरचा तलाव, टेकडीवरचा मकबरा, देऊळ, मशीद, ईदगाह, कब्रस्तान अशी प्रत्येक गोष्ट बारीक चिन्हाने दाखवलेली असते. पाणी निळे, झाडी हिरवी, डोंगराच्या समोच्च रेषा तपकिरी. माझा धाकटा सहावीत आहे. ही चिन्हे त्याने पुस्तकात परीक्षेपुरती पाठ केली होती. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तेव्हा ती त्याला पहिल्यांदा खरी वाटली. तो बोट फिरवत ओरडू लागला, "इथं टूम लिहिलंय! अब्बू, टूम म्हणजे काय?" त्याच्या अब्बूंनी सांगितले, "टूम नाही रे, टूम्ब. मकबरा." त्या रात्री आमच्या घरात टीव्ही लागला नाही.

ठरले असे की पुण्याहून अहमदनगर आणि तिथून औरंगाबाद-खुलताबाद. गाडी आमची जुनीच. बरोबर माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अम्मीजान म्हणतो. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून रोज दोन-तीनच ठिकाणे. आणि एक नियम: फोन फक्त फोन करण्यासाठी. रस्ता दाखवायचे काम मागच्या सीटवरच्या दोघांचे, आळीपाळीने.

एक खुलासा आधीच करते. आमचा नकाशा जुना असल्यामुळे त्यावर अहमदनगर आणि औरंगाबाद अशीच नावे आहेत आणि इतिहास सांगतानाही तीच लागतात, म्हणून मी ती वापरली आहेत. रस्त्यावरच्या पाट्यांवर मात्र तुम्हाला अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर शोधावे लागेल.

पाबळ: पहिले वळण

फजरनंतर निघालो. पुणे-नगर रस्ता म्हणजे कारखाने, ट्रक आणि हॉर्न. शिक्रापूर आले तसे मागून लेक म्हणाली, "अब्बू, डावीकडे. पाबळ."

पाबळला मस्तानीची कबर आहे. सिनेमामुळे मस्तानी घराघरात पोहोचली, पण ती कुठे दफन आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. बुंदेलखंडच्या राजा छत्रसालांची ही मुलगी. पहिल्या बाजीरावांचे १७४० च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला निधन झाले आणि त्याच वर्षी तीही गेली. पाबळ तिच्या इनामाचे गाव होते. कबर साधी आहे. कोणी तिला समाधी म्हणते, कोणी मजार.

मुलांना मी तिच्या मुलाची गोष्ट सांगितली. त्याचे नाव शमशेर बहादूर. आईवडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचाही नसेल. पेशव्यांच्या घराण्यातच तो वाढला, मराठ्यांच्या फौजेत लढला आणि १७६१ मध्ये पानिपतावर जखमी झाला. त्या जखमांनीच तो पुढे वारला. वय जेमतेम सत्तावीस. धाकट्याने विचारले, "म्हणजे तो पानिपतात मराठ्यांच्या बाजूनं होता?" त्याच्या अब्बूंनी उत्तर दिले, "मग? घर कुणाचं होतं त्याचं?"

लेक काही बोलली नाही. तिने वही काढली आणि तारखा लिहून घेतल्या.

पाबळहून मागे महामार्गावर जायची गरज नाही, हेही नकाशानेच दाखवले. कान्हूर मेसाई, मलठण असे करत आडवाटेने शिरूर गाठता येते. वाटेत बाजरीची कापलेली शेते होती. कांद्याची लागण चालू होती. अम्मीजान काचेतून बघत म्हणाल्या, "इतक्या वर्षांत या रस्त्यानं कितीदा गेले, पण गाव काही दिसलं नव्हतं."

नगरचे पीर आणि भोसल्यांची नावे

अहमदनगर ही निजामशाहीची राजधानी. मलिक अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ती वसवली. इतिहासकार फरिश्ता, जो स्वतः या शहरात राहिला होता, त्याने लिहून ठेवले आहे की मलिक अहमदचे वडील मूळचे ब्राह्मण घरातले आणि त्यांच्या घराण्याचा संबंध पाथरीशी होता. म्हणजे हे राज्यकर्ते कुठून दूरदेशाहून आलेले नव्हते. ते आपल्या गोदाकाठचेच.

नगरचा भुईकोट किल्ला बहुतेकांना ठाऊक आहे. तो सैन्याच्या ताब्यात आहे, ओळखपत्र बरोबर ठेवावे. १९४२ च्या आंदोलनानंतर पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आणि इतर नेते इथेच कैदेत होते. उर्दूच्या वर्गात मी मौलानांच्या 'गुबार-ए-खातिर'बद्दल किती वेळा बोलले असेन. कोठडीत शिरणाऱ्या चिमण्यांशी त्यांची झालेली दोस्ती मुलांना फार आवडते. त्यातल्या पत्रांच्या माथ्यावर 'किल्ला अहमदनगर' असे लिहिलेले असते. मौलाना इथे कैदेत असतानाच १९४३ मध्ये कलकत्त्याला त्यांच्या पत्नीचे, झुलेखा बेगमचे निधन झाले. हे सगळे मी शिकवत होते, पण ते घडले ती जागा माझ्या घरापासून गाडीने तीन तासांवर आहे हे मला कधी जाणवलेच नव्हते. किल्ल्याच्या दारात उभी राहिले तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

किल्ल्याजवळच एक लहान दगडी मशीद आहे, दमडी मशीद. सोळाव्या शतकातली. तिच्यावरचे कोरीवकाम लाकडावर केल्यासारखे नाजूक आहे. लोक सांगतात की किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढून ती उभारली. ते खरे असो वा नसो, नाव मात्र राजाचे राहिले नाही, दमडीचे राहिले.

संध्याकाळी शहराजवळच्या दर्गा दायरा इथे गेलो. इथे शाह शरीफ नावाच्या बुजुर्गांचा दर्गा आहे. मालोजीराजे भोसले यांना बरीच वर्षे मूल नव्हते. त्यांच्यासाठी या पिराकडे दुआ मागितली गेली, पुढे दोन मुलगे झाले आणि त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. शहाजीराजे म्हणजे शिवाजी महाराजांचे वडील. आणि शरीफजी? त्यांचे पुढे काय झाले हे मला विचारले असते तर आदल्या दिवशीपर्यंत सांगता आले नसते. ते उत्तर नकाशावरच्या एका निळ्या ठिपक्यात होते.

चांदबिबीचा नसलेला महाल

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी फराह बाग पाहिली. तलावाच्या मधोमध बांधलेला हा महाल १५८३ मध्ये पूर्ण झाला. आता तलाव कोरडा आहे आणि महालाच्या कमानींतून वारा तेवढा फिरतो. तिथे फार रेंगाळलो नाही, कारण मुलांचे सगळे लक्ष पूर्वेकडच्या टेकडीकडे होते.

ती टेकडी शहरापासून साधारण १३ किलोमीटरवर, पाथर्डी रस्त्याला आहे. वर तीन मजली, अष्टकोनी, दगडी इमारत. लांबूनच दिसते. सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. आमच्या नकाशावर मात्र तिथे मकबऱ्याचे चिन्ह होते. धाकटा हटून बसला, "नकाशा खोटं नाही बोलणार."

नकाशा बरोबर होता. ही इमारत म्हणजे मूर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याचा मकबरा. तळघरात कबर आहे. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मुघलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला हिमतीने लढवला, लोकांच्या मनात ती बसली आणि लोकांनी नगरची सर्वात देखणी इमारत तिच्या नावावर करून टाकली. अम्मीजान पायऱ्यांवर बसून राहिल्या. त्यांना वर चढणे शक्य नव्हते. त्या म्हणाल्या, "वजिराचा मकबरा बाईच्या नावानं ओळखला जातो, असं कुठं होतं का? नगरच्या लोकांना शाबासकी दिली पाहिजे."

वरच्या मजल्यावरून सारा मुलूख दिसतो. लेकीने नकाशा कठड्यावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि उत्तर दिशा जुळवून घेतली. मग म्हणाली, "इथून त्या बाजूला एक मोठं तळं असायला पाहिजे. नाव भातोडी." मीच चमकले. भातोडीची लढाई मी वाचली होती. ती जागा इतक्या जवळ आहे हे कुठल्याही पुस्तकाने माझ्या डोळ्यांसमोर आणले नव्हते.

भातोडी

खाली उतरून निघालो आणि पहिल्याच फाट्यावर चुकलो. नकाशा जुना, रस्ते नवे. जिथे एक वाट दाखवली होती तिथे तीन होत्या. आम्ही निवडलेली वाट एका शेताच्या बांधावर जाऊन संपली. गाडी मागे घेताना चाक चरात गेले. मुलांचे अब्बू तापले. "काढा तो मोबाइल!" मोबाइलला रेंज नव्हती. पंधरा मिनिटे कोणी कोणाशी बोलले नाही.

तेवढ्यात मेंढरांमागून एक आजोबा आले. त्यांनी आणि शेतातल्या एका तरुणाने मिळून गाडी ढकलली. आजोबांनी विचारले, "कुठलं पाव्हणं? इकडं कुठं?" मी म्हटले, "भातोडीला, बाबा. तलाव बघायचाय." त्यांनी हातातल्या काठीनेच दिशा दाखवली आणि म्हणाले, "पारगाव भातोडी म्हणून इचारा." पुढे दोन ठिकाणी विचारत विचारत पोहोचलो. फोनवर रस्ता बघताना आपण माणसांना विचारणे किती सोडून दिले आहे, हे त्या दिवशी कळले.

तलाव भरलेला होता. काठावर बगळे होते. हा तलावही सलाबतखानानेच बांधून घेतला होता, ज्याच्या मकबऱ्यावरून आम्ही आलो त्याच वजिराने.

१६२४ मध्ये या परिसरात मोठी लढाई झाली. एका बाजूला मुघल आणि विजापूरची आदिलशाही यांची एकत्र फौज. दुसऱ्या बाजूला निजामशाहीची, संख्येने कमी असलेली फौज आणि तिचा सेनानी मलिक अंबर. मलिक अंबर मूळचा हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बाजारामागून बाजार फिरत दख्खनला आला आणि आपल्या अकलेवर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, रसद तोडली, रात्री-अपरात्री छापे घातले आणि मग निर्णायक हल्ला केला. मोठी फौज हरली.

त्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने कोण होते? शहाजीराजे भोसले. आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी. तेच, ज्यांचे नाव नगरच्या पिरावरून ठेवलेले. शरीफजी या लढाईत कामी आले. त्यांची समाधी भातोडीतच आहे.

समाधीजवळ गावातले एक वयस्कर गृहस्थ भेटले. लेकीने धीर करून विचारले, "आजोबा, इथं मलिक अंबरबद्दल पण कुणी सांगतं का?" ते हसले. "आता गं पोरी, सेनापती तोच व्हता. त्याच्याबिगर लढाई व्हईल का? एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं येतंयच." मग त्यांनी आम्हाला घरी नेऊन चहा पाजला. दुधाचा, भरपूर साखरेचा. अम्मीजानना साखर चालत नाही, पण त्यांनी तो कपभर प्यायला.

जोहरची वेळ झाली होती. नकाशावर जवळच्या गावात मशिदीचे चिन्ह होते, त्यामुळे मुलगा आणि त्याचे अब्बू तिकडे गेले. आम्ही तिघींनी तलावाच्या काठी लिंबाखाली जानमाज अंथरली. नमाज झाल्यावर लेक बराच वेळ पाण्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "अम्मी, मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. इथलं आपलं काय आणि त्यांचं काय, ते वेगळं कसं काढणार?"

शिक्षकाला अशा वेळी गप्प बसणे सर्वात अवघड असते. मी गप्प बसले.

गोदावरी ओलांडून

दुपारनंतर औरंगाबादची वाट धरली. वाटेत नेवासे लागते, जिथे संत ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. मी मराठीच्या तासाला ओव्या शिकवते, म्हणून खांबाचे मंदिर बाहेरून तरी मुलांना दाखवायचेच होते. पुढे प्रवरा आणि गोदावरी यांचा संगम. टोक्याचे सिद्धेश्वर मंदिर पाण्याच्या कडेला उभे आहे. त्याचे दगडकाम पाहताना लेकीला कालची दमडी मशीद आठवली. पुलावर येताच धाकट्याने जाहीर केले, "मराठवाडा सुरू!" नकाशाच्या घडीवर नेमकी गोदावरी आली होती आणि तिथेच कागद फाटत चालला होता. मुक्कामाला पोहोचल्यावर आधी चिकटपट्टी विकत घेतली.

कागदाचे गाव

तिसऱ्या दिवशी दौलताबाद. किल्ल्यासमोर बसगाड्यांची रांग होती. आम्ही किल्ला मागे टाकून खुलताबादच्या रस्त्याला लागलो आणि थोड्याच अंतरावर कागजीपुऱ्यात थांबलो. वेरूळला जाणारे हजारो लोक रोज या गावावरून पुढे जातात. थांबणारे थोडे.

मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. त्या निर्णयावर आजही लोक हसतात. पण त्या स्थलांतरात जे कारागीर दख्खनला आले, त्यांत कागद बनवणारेही होते असे सांगतात. राजधानी परत गेली, कागजी मात्र इथेच राहिले. त्यांच्या कागदावर दरबारचे हुकूम लिहिले गेले, कुरआन शरीफच्या हस्तलिखित प्रती तयार झाल्या. आज हाताने कागद करणारे मोजकेच उरले आहेत.

एका कारागिराने आम्हाला काम दाखवले. जुन्या सुती चिंध्या आणि रद्दी भिजवून, कुटून त्यांचा लगदा करतात. तो लगदा पाण्याच्या हौदात ढवळतात. मग चौकटीवर ताणलेली बारीक जाळी आडवी बुडवून अलगद वर उचलायची. पाणी गळून जाते आणि जाळीवर लगद्याचा पातळ थर राहतो. तो कापडावर उलटवून, दाबून पाणी काढतात, सुकवतात आणि शेवटी घोटून गुळगुळीत करतात. ऐकायला सोपे. धाकट्याने उचललेला पहिला ताव एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला भोकाचा निघाला. कारागीर म्हणाले, "हात हलला बेटा. पाण्याला घाई चालत नाही." तिसऱ्या वेळी जमले.

मी त्यांना विचारले, मुले हे काम शिकतात का? ते म्हणाले, "शिकतील, खाल्लं-प्यायलं निघालं तर." यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. आम्ही दहा ताव आणि थोडे लिफाफे घेतले. सातशे वर्षांच्या हुनराला आपण एवढा तरी हातभार लावू शकतो. लग्नपत्रिकांवर हजारो रुपये उधळणाऱ्या आपल्या समाजाने एखादी पत्रिका इथल्या कागदावर छापायला काय हरकत आहे?

मलिक अंबरच्या कबरीपाशी

खुलताबादला गर्दी असते ती बादशाह औरंगजेबाच्या उघड्या कबरीपाशी आणि दर्ग्यांमध्ये. मलिक अंबरचा मकबरा विचारला तर दोघांनी "कोण?" असे विचारले. तिसऱ्याने वाट दाखवली.

घुमटाची दगडी इमारत आहे. जवळच त्याच्या पत्नीचाही मकबरा आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे आमच्याखेरीज कोणी नव्हते. १६२६ मध्ये, भातोडीनंतर दोन वर्षांनी तो वारला. औरंगाबाद शहराचे मूळ गाव खडकी, तेही यानेच वसवले. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीतून ढाळावर आणून त्याने शहराला पाजले. पुढे पाणचक्कीला पाणी पुरवणारी नहरही याच विद्येवर बांधली गेली. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याच्या त्याच्या पद्धतीसाठीही तो ओळखला जातो. गुलामाच्या बाजारात ज्याची किंमत लावली गेली, त्याने एका शहराची तहान भागवली.

अम्मीजान गुडघ्यांची तक्रार विसरून कबरीपर्यंत चालत गेल्या आणि फातिहा पढल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चारशे वर्षांनी का होईना, भातोडीहून कुणी भेटायला आलं त्याला."

तुम्ही निघाल तेव्हा

चौथ्या दिवशी आम्ही परतलो. तुम्हालाही असे जायचे असेल तर अनुभवातून आलेल्या चार गोष्टी सांगते.

नकाशा निघण्याआधी किमान दोन संध्याकाळी घरात पसरून वाचा. पाहण्यासारखी ठिकाणे पेन्सिलने गोल करा आणि प्रत्येक मुलाला एका ठिकाणाची माहिती काढायला सांगा. ग्रंथालयातली जिल्हा गॅझेटिअर यासाठी उत्तम.

रस्त्यांसाठी नवा नकाशा आणि ठिकाणांसाठी मोठ्या प्रमाणाचा, असे दोन्ही ठेवा. जुन्या नकाशावर नवे बाह्यवळण रस्ते नसतात. घड्यांवर आधीच चिकटपट्टी लावून घ्या. फोन बंद ठेवण्याचा हट्ट नको. अडचणीच्या वेळी तो हवाच. फक्त त्याला पुढच्या सीटवर बसवू नका.

लहान गावांतल्या मशिदींत बायकांची सोय असेलच असे नाही, म्हणून जानमाज, वजूसाठी पाण्याचा कॅन आणि चादर गाडीत असू द्या. घरात वडीलधारे असतील तर दिवसाला तीनपेक्षा जास्त ठिकाणे नकोत. आणि जिथे जाल तिथे भिंतीवर नाव कोरणाऱ्याला, कचरा टाकणाऱ्याला प्रेमाने अडवा. या वास्तूंकडे येणारे कमी असतात, म्हणून त्यांची राखण आपल्यालाच करायची आहे.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. लेकीने नगरचे ते पान गुंडाळी करून शाळेत नेले. वर्गात काय झाले हे मी मुद्दाम विचारले नाही. चार दिवसांनी तीच मैत्रीण आमच्या घरी आली. दोघींनी हॉलमध्ये नकाशा पसरला आणि पोटावर पडून बघत बसल्या. मी चहा ठेवायला आत गेले तेव्हा ती मुलगी म्हणत होती, "अगं, हे आमच्या मामाच्या गावाच्या शेजारी आहे. आणि मला माहीतच नव्हतं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही घरांनी मिळून निघायचे ठरले आहे. कुठे जायचे ते अजून ठरलेले नाही. धाकट्याने कागजीपुऱ्याच्या एका तावावर पेन्सिलने नकाशा काढायला घेतला आहे. त्यात पाबळ आहे, दमडी मशीद आहे, टोक्याचे देऊळ आहे आणि भातोडीचा तलाव प्रमाणापेक्षा बराच मोठा आहे. भूगोलाच्या सरांनी तो पाहिला तर गुण कापतील. मी कापणार नाही.